पुदुच्चेरीचा समुद्रकाठचा रस्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुदुच्चेरीला, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या पाँडिचेरीला, निघालेले मराठी प्रवासी तिथल्या समुद्रकाठच्या रस्त्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कोकण, मुंबई आणि गोवा यांच्या सवयीने पूर्व किनाऱ्यावर गेलेल्या माणसाचे अंदाज काही बाबतींत हमखास चुकतात. त्या ठिकाणी उत्तर मुद्दाम सविस्तर लिहिले आहे.

हे नेमके कोणते ठिकाण आहे? त्याला चौपाटी म्हणता येईल का?

शहराच्या पूर्वेला बंगालच्या उपसागराला अगदी लागून उत्तर-दक्षिण जाणारा, साधारण सव्वा किलोमीटर लांबीचा हा रस्ता आहे. कागदोपत्री त्याचे नाव गूबेर अव्हेन्यू असे आहे. पाँडिचेरीचे महापौर आणि पुढे मुख्यमंत्री झालेले एदुआर गूबेर यांच्या नावावरून ते पडले. स्थानिक माणसे मात्र ‘बीच रोड’, ‘प्रोमेनाड’ किंवा ‘रॉक बीच’ म्हणतात, आणि रिक्षावाल्याला यांपैकी कोणतेही नाव सांगितले तरी तो बरोबर नेऊन सोडतो.

चौपाटी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळू, घोडागाडी आणि पाण्यात पाय बुडवून उभी असलेली मुले येतात, आणि ती अपेक्षा घेऊन येथे जाऊ नये. रस्त्याचा बराच भाग काळ्या दगडांच्या राशीने समुद्रापासून वेगळा केलेला आहे. तुलनाच करायची तर ती गिरगाव चौपाटीशी नव्हे, मरीन ड्राइव्हशी करावी. तिथे सिमेंटचे चौपायी ठोकळे आहेत, येथे प्रचंड शिळा आहेत. फरक असा की येथे संध्याकाळी रस्त्यावरून एकही मोटार जात नाही.

सूर्यास्त पाहायला किती वाजता पोहोचावे?

हा प्रश्न आपल्याकडून सर्वाधिक विचारला जातो, आणि त्याचे उत्तर असे आहे की येथे समुद्रात सूर्य मावळतच नाही. हा पूर्व किनारा आहे. सूर्य समुद्रातून वर येतो आणि आपल्या पाठीमागे शहराच्या घरांआड मावळतो. हे भूगोलाच्या पुस्तकातून सर्वांनाच ठाऊक असते, तरीही संध्याकाळी साडेपाचला मुलाबाळांना घेऊन घाईघाईने काठावर पोहोचलेली आणि रिकाम्या क्षितिजाकडे पाहत उभी राहिलेली मराठी कुटुंबे तिथे नेहमी दिसतात. दापोली, मालवण, कळंगुट येथे पिढ्यान्‌पिढ्या लागलेली सवय एका दिवसात सुटत नाही.

म्हणून माझा आग्रह पहाटेचा आहे. पुदुच्चेरी मुंबईच्या सुमारे सात रेखांश पूर्वेला असल्याने तिथे उजाडतेही लवकर. जानेवारीत मुंबईला सूर्योदय सव्वासातच्या आसपास होतो, तर पुदुच्चेरीत साडेसहाच्या सुमारास; मे-जूनमध्ये तो पावणेसहाच्याही किंचित आधी होतो. सूर्योदयाच्या किमान अर्धा तास आधी काठावर असावे, कारण खरा रंगांचा खेळ सूर्य दिसण्यापूर्वी होतो आणि सूर्यबिंब वर आल्यावर पंधरा-वीस मिनिटांत डोळे दिपू लागतात. त्या वेळी झपझप चालणारे आजी-आजोबा, दगडावर बसून ध्यान करणारे कोणी, आणि दूर पाण्यावर मासेमारीच्या होड्यांचे काळे ठिपके असे दृश्य असते. एखाद्या दिवशी क्षितिजावर ढगांची पट्टी असते आणि सूर्य उशिरा, अर्ध्या उंचीवरच दिसतो. त्यासाठी दोन पहाटा हाताशी ठेवल्या तर बरे.

संध्याकाळी समुद्राकडे पाहायचेच असेल, तर पौर्णिमा साधावी. पश्चिम किनाऱ्यावर जे कधी दिसत नाही, ते येथे दिसते: पाठीमागे सूर्य मावळत असतानाच समोर पाण्यातून तांबूस, मोठा चंद्र वर येतो. सहलीची तारीख ठरवताना पंचांग पाहणारी मंडळी फार थोडी असतात, पण या एका गोष्टीसाठी ते अवश्य पाहावे.

वाहनबंदी कोणत्या वेळी असते?

संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत हा रस्ता वाहनांसाठी बंद असतो. सणासुदीला किंवा सरकारी समारंभाच्या दिवशी या वेळा बदलतात. स्वतःच्या गाडीने आलेल्यांनी गाडी आतल्या समांतर रस्त्यांवर, जिथे मुभा असेल तिथे, लावून चालत यावे. दिवसा गाड्यांची ये-जा सुरू असते आणि ऊनही कडक असते, त्यामुळे या रस्त्याचे खरे रूप वाहनबंदीच्या तासांतच कळते.

कोणत्या महिन्यांत जावे?

येथेही आपली पावसाची कल्पना उलटी करून घ्यावी लागते. जून ते सप्टेंबर हा आपला भर पावसाळा. त्या काळात पुदुच्चेरीत उकाडा असतो आणि अधूनमधून संध्याकाळी वळवासारख्या सरी पडतात. तिथला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरचा. आपल्याकडे दिवाळीची सुट्टी लागते नेमकी तेव्हाच, आणि त्यामुळे अनेकांचा बेत पावसात वाहून जातो.

चक्रीवादळांचा काळही हाच आहे. ३० डिसेंबर २०११ रोजी ‘ठाणे’ नावाचे चक्रीवादळ पुदुच्चेरी आणि कडलूर यांच्या दरम्यान किनाऱ्याला धडकले होते, आणि ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ‘फेंगल’ पुदुच्चेरीजवळच जमिनीवर आले, तेव्हा एका दिवसात झालेल्या पावसाने शहराचे कित्येक भाग पाण्याखाली गेले. नोव्हेंबरमध्ये जाणाऱ्यांनी हवामान खात्याचे इशारे रोज पाहावेत आणि वादळाची सूचना असताना काठावर जाऊ नये.

जानेवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा हा उत्तम काळ होय. एप्रिल, मे आणि जूनमध्ये दुपारी बाहेर पडणे कठीण जाते, मात्र त्या दिवसांत दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा शहरावर खरे उपकार करतो. आत दोन-तीन रस्ते सोडून गेले तरी तो लागत नाही, म्हणूनच उन्हाळ्यात संध्याकाळी अर्धे शहर या काठावर येऊन बसते.

पाण्यात उतरता येते का?

या रस्त्यावरून नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. शिळांवर शेवाळ असते, दोन शिळांमधल्या फटीत पाय अडकतो, आणि त्यांच्या पायथ्याशी लाट आदळून मागे फिरते तेव्हा तिची ओढ वरून दिसते त्याहून पुष्कळ अधिक असते. छायाचित्रासाठी खालच्या दगडापर्यंत उतरणारी तरुण मुले रोज दिसतात. त्यांचे अनुकरण करू नये.

‘ओहोटीला उतरलो तर?’ असे कोकणातील वाचक विचारतात. त्याचाही येथे उपयोग होत नाही. मुंबई-रत्नागिरीकडे उधाणाच्या भरतीत आणि ओहोटीत काही मीटरचा फरक पडतो, पाणी दूरवर जाते आणि पुळण उघडी पडते. पुदुच्चेरीच्या किनाऱ्यावर हा फरक जेमतेम एक मीटरपर्यंतच असतो. दगड भरतीला जसे असतात, जवळजवळ तसेच ते ओहोटीलाही असतात.

वाळूत खेळायचे असेल तर शहराबाहेर जावे. दक्षिणेला चिन्न वीरमपट्टिणम येथील ईडन बीच हा स्वच्छतेचा आंतरराष्ट्रीय ‘ब्लू फ्लॅग’ २०२१ मध्ये मिळालेला किनारा आहे. चुन्नांबार येथून बोटीने जाता येणारा पॅरडाइज बीच आणि उत्तरेकडचा सेरेनिटी बीच हे आणखी दोन पर्याय आहेत. तेथेही जीवरक्षक असतील तिथेच आणि ते सांगतील तितकेच पाण्यात जावे, कारण पूर्व किनाऱ्यावर तळ लवकर खोल होतो.

शहर समुद्राकाठी असूनही वाळू का नाही?

कारण ती वाळू तिथे असायची, आणि एका पिढीच्या डोळ्यांदेखत ती गेली. या रस्त्यावर फिरणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत समजून घ्यावी असे मला मनापासून वाटते, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

किनाऱ्यावरची वाळू एका जागी पडून राहिलेली नसते. ती वाहत असते. तमिळनाडूच्या या भागात वर्षातील बहुतेक महिने लाटा आग्नेयेकडून तिरक्या येतात आणि वाळूचे कण थोडे थोडे उत्तरेला सरकवतात. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात हा प्रवाह काहीसा उलटतो, पण वर्षाचा हिशेब केला तर लक्षावधी घनमीटर वाळू उत्तरेकडेच जाते. पुदुच्चेरीच्या समोरची पुळण म्हणजे या प्रवाहाचा एक मुक्काम होता. जेवढी वाळू पुढे जाई, तेवढीच दक्षिणेकडून नवी येई.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात शहराच्या दक्षिणेला, अरियनकुप्पम नदीच्या मुखाशी बंदर बांधण्यात आले आणि त्याच्या रक्षणासाठी समुद्रात लांबवर लाटारोधक भिंती घालण्यात आल्या. या भिंतींनी लाटांबरोबर वाळूही अडवली. भिंतीच्या दक्षिणेला वाळू साचत गेली, आणि उत्तरेला, म्हणजे शहरासमोर, येणे थांबले पण जाणे चालूच राहिले. काही वर्षांत पुळण नाहीशी झाली. शहर वाचवायला दगड टाकावे लागले. दगडांनी शहर राखले, पण वाळू त्यांनी परत आणली नाही. ज्या ठिकाणी दगडांची रांग संपते, तिथून पुढे समुद्र अधिक जोराने जमीन खातो, म्हणून झीज उत्तरेकडच्या कोळीवाड्यांकडे सरकत गेली आणि तिथेही दगड टाकण्याची मागणी होऊ लागली. कोकणात धूपप्रतिबंधक बंधारा बांधला की शेजारच्या वाडीची जमीन सुटू लागते, हा अनुभव ज्या वाचकांना आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

या अनुभवातून पुढे एक वेगळा उपाय करून पाहण्यात आला. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने रस्त्याच्या उत्तर भागासमोर पाण्याखाली एक पोलादी, पाचरीच्या आकाराचा कृत्रिम अडसर बसवला आणि त्यासोबत वाळूची भरणी करण्यात आली. लाटेचा जोर तिथे मोडतो आणि वाळूला थांबायला जागा मिळते. सचिवालयाच्या बाजूला आज वाळूचा जो पट्टा दिसतो, तो असा परत मिळालेला आहे. ऋतूप्रमाणे तो रुंद-अरुंद होतो. तीस वर्षांनंतर पहिल्यांदा आपल्या शहरात वाळूवर पाय ठेवणाऱ्या लोकांचा आनंद किती असेल याची कल्पना करावी, आणि त्या पट्ट्यावर कागद किंवा प्लॅस्टिकचा एक तुकडाही टाकू नये.

दगडांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत आसपासच्या मच्छीमार वस्त्यांची भीषण हानी झाली, पण जुन्या शहराचा हा भाग काठावरच्या या दगडी भिंतीमुळे बराचसा बचावला.

रस्त्यावर पाहण्यासारखे काय आहे?

सर्वांत आधी नजरेत भरतो तो रस्त्याच्या मध्यावरचा महात्मा गांधींचा पुतळा. सुमारे १३ फूट उंचीचा हा पुतळा आठ कोरीव दगडी खांबांच्या मधोमध उभा आहे, आणि हे खांब जिंजीच्या किल्ल्यावरून आणलेले मानले जातात. त्या खांबांजवळ मराठी माणसाने पाच मिनिटे अधिक थांबावे. त्याचे कारण पुढच्या उत्तरात येईल. गांधीजी १९३४ च्या फेब्रुवारीत फ्रेंच अमलाखालील पाँडिचेरीत येऊन गेले होते. समोर, रस्त्याच्या पलीकडे, पंडित नेहरूंचा पुतळा आहे.

जवळच फ्रेंच युद्धस्मारक आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढताना मरण पावलेल्या फ्रेंच हिंदुस्थानातील सैनिकांसाठी ते १९३८ मध्ये उभारले गेले. त्याचे फाटक एरवी बंद असते, पण १४ जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, तेथे रोषणाई होते आणि मानवंदना दिली जाते. फ्रेंच सैन्यात नोकरी केलेल्या तमिळ माणसांची कुटुंबे आजही या शहरात आहेत; त्यांच्यासाठी तो दिवस परक्या देशाचा उत्सव नसतो.

जुने दीपगृह १ जुलै १८३६ रोजी प्रथम उजळले आणि १९७९ पर्यंत चालू होते. त्यानंतर शहरात नवे, अधिक उंच दीपगृह आले. फ्रेंच काळातील नगरभवन, ज्याला अजूनही ‘मेरी’ म्हणतात, नोव्हेंबर २०१४ मध्ये दुरुस्तीअभावी जीर्ण झालेल्या अवस्थेत पावसात कोसळले. आज त्या जागी जी इमारत दिसते ती जुन्या आराखड्याबरहुकूम पुन्हा बांधलेली आहे आणि २०२१ मध्ये तिचे उद्घाटन झाले. ती पाहताना हे माहीत असलेले बरे, कारण जाणकार नसलेल्याला ती दीडशे वर्षांची वाटते. याच रस्त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मणिमंडपम, म्हणजे स्मारकमंडपही आहे; महाराष्ट्रातून गेलेले पुष्कळ लोक तिथे आवर्जून जातात.

दक्षिण टोकाला डुप्लेचा पुतळा आहे. जोझेफ फ्रान्स्वा डुप्ले १७४२ पासून १७५४ पर्यंत येथे फ्रेंच गव्हर्नर होता. दक्षिणेतील राजेरजवाड्यांच्या भांडणांत पडून त्याने फ्रान्सची सत्ता वाढवली, मग त्याला परत बोलावण्यात आले आणि १७६३ मध्ये तो विपन्नावस्थेत वारला. त्याचा पुतळा १८७० मध्ये उभारला गेला. रस्त्यापासून थोडे आत, समुद्राकडे तोंड करून, १८५५ मध्ये पूर्ण झालेले नोत्र-दाम दे-झांज हे चर्च आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात त्याच्या भिंतींचा फिकट गुलाबी रंग फारच खुलतो.

मराठ्यांच्या इतिहासाशी या जागेचा संबंध खरोखर आहे का?

आहे, आणि तो बहुतेक मार्गदर्शक सांगत नाहीत.

विजापूरच्या आदिलशाहीचा या भागातील अंमलदार शेरखान लोदी याने १६७३ मध्ये फ्रेंचांना पाँडिचेरीत जागा दिली, आणि १६७४ पासून फ्रान्स्वा मार्टिन याने तेथे वखार वाढवायला सुरुवात केली. तीनच वर्षांनी, १६७७ मध्ये, छत्रपती शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयावर आले. त्यांनी जिंजी घेतली आणि शेरखानाचा पराभव केला. ज्याने जागा दिली तोच उखडला गेल्यामुळे मार्टिनची अवस्था बिकट झाली. त्याने महाराजांकडे वकील पाठवून अभय मिळवले आणि वखार टिकली. याच मार्टिनने लिहून ठेवलेल्या आठवणी दक्षिण दिग्विजयाच्या अभ्यासात महत्त्वाचे साधन मानल्या जातात. म्हणजे ज्या शहरात आपण फ्रेंच घरे पाहायला जातो, ते शहर रुजले त्यात रायगडावरून आलेल्या एका राजाच्या निर्णयाचा वाटा आहे.

पुढे छत्रपती राजाराम महाराज जिंजीला गेले आणि १६९८ च्या आरंभी किल्ला मोगलांच्या हाती पडेपर्यंत मराठ्यांचे राज्य तिथून चालले. त्याच धामधुमीत १६९३ मध्ये डचांनी पाँडिचेरी जिंकून घेतली, आणि फ्रेंचांना ती १६९९ मध्ये परत मिळाली. कारैक्काल हा आज पुदुच्चेरी केंद्रशासित प्रदेशाचाच भाग असलेला जिल्हा १७३९ मध्ये फ्रेंचांना मिळाला तो तंजावरच्या मराठा राजाकडून.

आणखी एक तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर आपला संहार झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ जानेवारीला, कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर इंग्रजांनी पाँडिचेरीचा ताबा घेतला आणि पुढे शहर जमीनदोस्त केले. हिंदुस्थानात इंग्रजांना अडवू शकतील अशा दोन सत्ता एकाच आठवड्यात, एकमेकींपासून शेकडो कोस दूर, खचल्या. आज दिसणारी फ्रेंच वास्तू त्या विध्वंसानंतरची आहे.

हे सर्व वाचून ज्यांना जिंजी पाहावीशी वाटेल त्यांच्यासाठी: ती पुदुच्चेरीच्या वायव्येला सुमारे ७० किलोमीटरवर आहे, सकाळी लवकर निघून संध्याकाळी परत येता येते, आणि जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली त्यांत महाराष्ट्राबाहेरचा एकमेव किल्ला हाच आहे. तिथली राजगिरी ही टेकडी चढायची असल्यास पाणी सोबत न्यावे आणि चढाई उन्हाआधी संपवावी.

श्री अरविंद आश्रम किती दूर आहे?

काठावरून चालत काही मिनिटांवर. श्री अरविंद ४ एप्रिल १९१० रोजी कलकत्त्याहून समुद्रमार्गे येथे उतरले, आणि ज्या जहाजाने ते आले त्याचे नाव ‘डुप्ले’ होते. इंग्रजांच्या हद्दीबाहेर असल्यामुळे त्या काळी पाँडिचेरी हे क्रांतिकारकांचे आश्रयस्थान बनले होते. तमिळ महाकवी सुब्रह्मण्य भारती त्यांच्या आधी, १९०८ मध्येच, येथे आले होते. येथे येण्यापूर्वी श्री अरविंदांनी बडोद्यास गायकवाडांच्या सेवेत १३ वर्षे काढली होती आणि बडोद्यातच त्यांना विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याकडून ध्यानाची दीक्षा मिळाली.

आश्रमात श्री अरविंदांच्या समाधीचे दर्शन सकाळी आणि दुपारनंतर ठरावीक वेळात होते. तेथे संपूर्ण शांतता पाळावी लागते आणि तीन वर्षांखालील मुलांना आत नेता येत नाही, म्हणून लहान मूल बरोबर असल्यास मोठ्यांनी आळीपाळीने जावे. जवळच मनकुळ विनायगर हे फ्रेंचांच्या आधीपासूनचे गणपतीचे देऊळ आहे.

खाण्यापिण्याची सोय कशी आहे?

संध्याकाळी काठावर सुंडल मिळते: उकडलेले हरभरे किंवा वाटाणे, त्यात खोबरे, कैरीचे तुकडे, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. आपल्या वाटली डाळीची आठवण करून देणारा, स्वस्त आणि पोटाला हलका असा हा पदार्थ चालता चालता खायला सर्वांत योग्य आहे. मुरुक्कू आणि केळ्याची भजीही मिळतात. काठावरच्या जुन्या बंदर-कार्यालयाच्या इमारतीत पर्यटन महामंडळाचे ‘ल कॅफे’ आहे; तिथल्या पदार्थांपेक्षा तिथली जागा मोलाची आहे, आणि पहाटेचा फेरफटका झाल्यावर लाटांच्या समोर बसून कॉफी घ्यायला यासारखे ठिकाण नाही. खरी दाट फिल्टर कॉफी आणि इडली-पोंगल हवे असल्यास मात्र जुन्या फ्रेंच आणि तमिळ वस्त्यांना वेगळे करणाऱ्या कालव्याच्या पलीकडे, तमिळ वस्तीत जावे. फ्रेंच पद्धतीच्या बेकऱ्या दोन्ही बाजूंना आहेत. शाकाहारी मंडळींची कुठेच गैरसोय होत नाही.

मराठी किंवा हिंदी चालते का?

मराठी नाही, हिंदी पर्यटकांच्या दुकानांत थोडीफार, इंग्रजी बहुतेक ठिकाणी. बोलण्याची सुरुवात ‘वणक्कम’ या नमस्काराने करावी. पुढचे संभाषण इंग्रजीत झाले तरी समोरच्याचा चेहरा खुलतो. ‘किती?’ यासाठी ‘एव्वळवु?’ हा शब्द पाठ करून ठेवावा, विशेषतः रिक्षात बसण्यापूर्वी, कारण तिथे मीटरचा रिवाज नाही आणि भाडे आधी ठरवणेच श्रेयस्कर असते. रस्त्यांच्या निळ्या पाट्यांवर तमिळबरोबर फ्रेंच नावे आहेत.

महाराष्ट्रातून कसे जावे?

दादरहून पुदुच्चेरीपर्यंत थेट जाणारी चालुक्य एक्स्प्रेस आठवड्यातून तीन दिवस सुटते आणि पुणे, मिरज, बेळगाव, हुबळी, बंगळुरू या मार्गाने जाते. प्रवास दीड दिवसाच्या आसपासचा आहे. पश्चिम महाराष्ट्रातील वाचकांना तो सर्वांत सोयीचा पडतो, कारण गाडी बदलावी लागत नाही. पुदुच्चेरीचे स्टेशन समुद्रकाठापासून इतके जवळ आहे की सामान हलके असेल तर चालत जाता येते. विमानाने जायचे असल्यास चेन्नईला उतरावे आणि तेथून महाबलीपुरमच्या बाजूने जाणाऱ्या किनारी महामार्गाने सुमारे १५० किलोमीटर, म्हणजे साधारण तीन-साडेतीन तास, प्रवास करावा.

वयस्कर माणसांना आणि चाकाच्या खुर्चीवरून फिरणाऱ्यांना जमेल का?

चांगले जमेल. रस्ता सपाट आहे, चढउतार नाही, बसायला जागा पुष्कळ आहेत, आणि वाहनबंदीच्या वेळी रस्त्याच्या मधून निर्धास्त जाता येते. पहाटे उजेड अपुरा असताना पदपथाच्या कडा नीट पाहाव्यात. दुपारी अकरा ते चार या वेळात सावली जवळजवळ नसल्याने त्यांना नेऊ नये.

कोणत्या दिवशी गर्दी असते, आणि कोणता दिवस साधण्याजोगा आहे?

शनिवार-रविवारी संध्याकाळी बंगळुरू आणि चेन्नईहून आलेल्यांची इतकी दाटी होते की चालण्याचा आनंद उरत नाही. ३१ डिसेंबरच्या रात्री तर कुटुंबासह जाऊच नये. पुदुच्चेरीत मद्य सहज मिळते म्हणून येणाऱ्यांचीही संख्या मोठी आहे. काठावर बसून पिण्यास मात्र परवानगी नाही, आणि परतताना बाटल्या सोबत नेल्यास तमिळनाडूच्या सीमेवर तपासणीत अडचण येते.

साधण्याजोगे दिवस वेगळे आहेत. १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन आणि श्री अरविंदांची जयंती एकत्र येतात. दुसऱ्या दिवशी, १६ ऑगस्टला, १९६२ मध्ये झालेल्या कायदेशीर विलीनीकरणाचे स्मरण केले जाते. प्रत्यक्ष कारभार त्याआधीच, १ नोव्हेंबर १९५४ रोजी, भारताकडे आला होता आणि तो दिवसही साजरा होतो. परंतु एकच निवडायचा असेल तर मी मासी मगम निवडेन. तमिळ मासी महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, आसपासच्या गावांतील देवळांचे देव पालख्यांतून आणि रथांतून काठाने थोडे उत्तरेला असलेल्या वैत्तिकुप्पम येथे समुद्रस्नानाला आणले जातात. नारळी पौर्णिमेला आपण समुद्राकडे नारळ घेऊन जातो. येथे देवच समुद्राला भेटायला येतो. वाळूवर एकामागून एक देव मांडलेले असतात, नादस्वरम वाजत असते आणि कोळ्यांची अख्खी वस्ती यजमान झालेली असते. त्या दिवशी सकाळी लवकर जावे, चपला दूर ठेवाव्यात, आणि छायाचित्र घेण्यापूर्वी पालखीसोबतच्या माणसांना विचारावे.